लांबच्या रस्त्याची गाडी



गटाच्या मासिक बैठकीत कर्जाचे अर्ज येतात ते बहुतेक ठरलेले असतात. कोणाला शेळी घ्यायची असते, कोणाला शिलाई मशीन, कोणाला धानाच्या रोवणीसाठी मजुरी द्यायची असते. यंदा मात्र एक वेगळा अर्ज आला. आमच्यातल्याच एका सहयोगिनी ताईंनी मोटारसायकलसाठी कर्ज मागितलं. कारण लिहिलं होतं, "गावभेटीसाठी आणि लांबच्या प्रवासासाठी."

अर्ज वाचून झाला आणि बैठक गप्प झाली. त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांआधी ह्याच ताई दिराची जड मोटारसायकल घेऊन पवनीकडून येत होत्या. समोरून धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर आला, म्हणून त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कडेला उतार होता आणि चिखल होता. त्यांनी पाय टेकवला, पण तो पोचलाच नाही. गाडी अंगावर आली, सायलेन्सरने पोटरी भाजली, दीड महिना घरी बसावं लागलं. कर्जाचे दोन हप्ते थकले. घरी सासूबाई म्हणाल्या, "आता गाडीचं नाव काढू नको." गावात लोक म्हणाले, "बाईचं काम आहे का ते?"

त्यामुळे आमच्यापुढे प्रश्न नुसता पैशाचा नव्हता. ताई पडल्या त्या बाई होत्या म्हणून पडल्या, की गाडी चुकीची होती म्हणून? अर्जावर सही करण्याआधी आम्ही एक महिना मागून घेतला. प्रत्येकीने घरी विचारायचं ठरलं: आपल्याकडे आजवर कोणकोणत्या दुचाक्या आल्या, त्या कोणी चालवल्या, आणि त्यावर बाई कुठे बसली? उत्तरं जमली, थोडं वाचनही केलं, आणि त्यातून दुचाकीचा एक इतिहासच समोर आला. तो आज तुम्हाला सांगतो.

सगळ्यात आधी आठवण निघाली ती बुलेटची आणि राजदूतची. रॉयल एनफिल्डची बुलेट मुळात इंग्लंडची. भारतीय सैन्याला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, म्हणून ती इथे आली आणि १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. म्हणजे ती गाडी निवडली गेली शिपायाची उंची, शिपायाचं बळ आणि डोंगरातला रस्ता पाहून. दीडशे किलोच्या वर वजन. जुनी बुलेट चालू करायची तर काटा मध्यावर आणा, खटका दाबा, मग किकवर सगळा भार टाका. किक उलटली तर पायाला दणका बसायचा. १९६० नंतरच्या वर्षांत म्हैसूरहून जावा आली, एस्कॉर्ट्सची राजदूत आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लावलेली राजदूत आमच्यातल्या मोठ्या बायांना अजून आठवते. ह्या गाड्यांनी लांबचे रस्ते खरंच कापले. पण आमच्या एकाही घरातून असं उत्तर आलं नाही की ती गाडी आईने किंवा आजीने चालवली.

मग आली स्कूटर. पुण्याजवळच्या आकुर्डीला बजाजचा कारखाना. आधी इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा बनायची, तो करार संपल्यावर १९७२ मध्ये बजाजची स्वतःची चेतक आली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव तिला दिलं. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहायचे. चेतकचं एक चांगलं होतं, सोबत जादा चाक असायचं. लांबच्या रस्त्यात पंक्चर झालं तर चाक बदलून पुढे निघता यायचं. पण इंजिन एका बाजूला, गिअर हाताच्या मुठीत, आणि चालू करायची तर गाडी आडवी वाकवून किक मारायची. समोर लेक उभा, मधे बाबा, मागे एका बाजूला पाय सोडून आई. आमच्या लहानपणाचे असे फोटो कितीतरी घरांत निघाले.

ह्या मागच्या सीटबद्दल एक गंमत कळली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलं आहे की दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि त्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला हवा. नियमात बाईचं नाव नाही, पण त्या जाळीला सगळे साडीगार्डच म्हणतात. नियम चांगला आहे, त्याने जीव वाचतात. तरी आमच्या मनात आलं, बाईसाठी गाडीला जे काही लावलं, ते आधी मागच्या सीटला लावलं. पुढच्या सीटवर ती बसेल, हा विचार उशिरा आला.

तो विचार महाराष्ट्रातच एका छोट्या गाडीने पुढे नेला. ती म्हणजे लुना. १९७२ मध्येच कायनेटिक इंजिनिअरिंगने, अरुण फिरोदिया यांच्या पुढाकाराने, ही पन्नास सीसीची मोपेड आणली. तिचा कारखाना त्या वेळच्या अहमदनगरला होता. वजनाला हलकी, पुढे मोकळी जागा, त्यामुळे साडी नेसूनही बसता यायचं. इंजिन बंद पडलं तर सायकलीसारखे पायडल मारत घरी यावं. शिक्षिका, नर्सबाई, बँकेतल्या बाई लुनावर दिसू लागल्या. मग १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. तिला गिअर नव्हते आणि बटण दाबलं की ती चालू व्हायची. ज्या दिवशी किक गेली आणि बटण आलं, त्या दिवशी गाडी चालवायला बळ लागतं हे म्हणणं निम्मं खोटं ठरलं. पुढे २००१ मध्ये होंडाची अ‍ॅक्टिवा आली आणि गिअर नसलेली गाडी घरोघरी पोचली.

भरवशाचाही इतिहास आहे. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं, धूर व्हायचा, प्लग काळा पडला की गाडी वाटेतच थांबायची. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली. इंजिन फोर-स्ट्रोक, त्यामुळे पेट्रोल कमी, धूर कमी, कटकट कमी. १९९४ मध्ये त्याच घराण्याची स्प्लेंडर आली आणि खेड्यापाड्यात पसरली. गाडी पसरली तसा तिचा मिस्त्रीही पसरला. आज लाखनी असो, साकोली असो की तुमसर, अशा गाडीची केबल, क्लच प्लेट, ट्यूब बाजाराच्या गावात मिळते. लांबच्या रस्त्यावर भरवसा कंपनीच्या जाहिरातीत नसतो. गाडी बिघडली तर पुढच्या गावात ती दुरुस्त होईल का, ह्यात तो असतो.

आता बाहेरच्या जगाच्या दोन गोष्टी. १९१६ मध्ये अमेरिकेत ऑगस्टा आणि अ‍ॅडलाइन व्हॅन ब्युरेन ह्या दोघी बहिणी आपापल्या मोटारसायकलवर न्यूयॉर्कहून निघाल्या आणि सुमारे दोन महिन्यांत देशाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचल्या. सैन्यात निरोप पोचवायचं काम बायाही करू शकतात, हे त्यांना दाखवायचं होतं. वाटेत पोलिसांनी त्यांना अडवलं. कशासाठी? पुरुषांसारखे कपडे घातले म्हणून. प्रवास पूर्ण झाला, तरी सैन्याने त्यांना काम दिलं नाही.

दुसरी गोष्ट फ्रान्सच्या आन-फ्रान्स डोतव्हिल यांची. त्यांनी आधी ७५० सीसीची मोठी गाडी घेऊन लांबचा प्रवास केला. पण १९७३ मध्ये एकटीने जगाची फेरी करायला निघाल्या तेव्हा गाडी घेतली ती कावासाकीची १२५ सीसीची. जपान, भारत, पाकिस्तान, अफगाणिस्तान असं करत त्या परत घरी पोचल्या. मोठ्या गाडीचा अनुभव असलेल्या बाईने जगाच्या फेरीसाठी छोटी गाडी निवडली. ही गोष्ट बैठकीत सांगितली तेव्हा कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मंग? पाय तं टेकले पाहिजेन ना बाई!"

आपल्याकडेही दार उघडलं आहे. २०११ मध्ये पुण्यात उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी बायकर्णी नावाचा मोटारसायकल चालवणाऱ्या बायांचा गट सुरू केला. २०२३ मध्ये पुण्याच्या रमिला लटपटे नऊवारी नेसून मुंबईहून जगाच्या प्रवासाला निघाल्या. ह्यातल्या कितीतरी जणी जड बुलेटही सहज चालवतात. म्हणजे जड गाडी बाईची नाही, असंही म्हणता येत नाही. गाडी अंगाच्या मापाची आणि हाताच्या सवयीची हवी. ब्लाउज शिवताना आपण दुसरीचं माप देत नाही, मग गाडीच दिराच्या मापाची का घ्यायची?

एवढं समजल्यावर आमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ताई बाई होत्या म्हणून पडल्या नव्हत्या. गाडी त्यांच्या मापाची नव्हती, म्हणून पडल्या होत्या.

मग आम्ही दोघी-तिघी ताईंबरोबर गाडी पाहायला गेलो. काय पाहिलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. पहिलं, गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का. नुसत्या बोटांवर तोलायचं नाही. दुसरं, गाडी बंद ठेवून एकटीने मागे ढकलता येते का. दुकानदाराने मदतीला हात लावला, तर त्याला थांबा म्हणायचं. तिसरं, चाकाचा आकार. गिअर नसलेली स्कूटर गावात सोपी, पण तिची चाकं लहान, खड्ड्यात जास्त आदळतात, आणि टाकीत पाच लिटरच्या आसपास पेट्रोल. शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलचं चाक मोठं, टाकी मोठी, वजन एकशे दहा-वीस किलोच्या घरात. चौथं, बटणही हवं आणि किकही हवी, म्हणजे बॅटरी उतरली तरी अडत नाही. पाचवं, ब्रेक. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाडीला सव्वाशे सीसीपर्यंत दोन्ही चाकांना एकत्र लागणारा ब्रेक किंवा एबीएस, आणि त्यावरच्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. जुनी गाडी घेत असाल तर हे विचारा. सहावं, पाऊण तास सलग चालवून पाहा. कंबर, मनगट आणि बैठक दुखते का, ते दुकानासमोरच्या एका चकरेत कळत नाही.

आणि कागदं. गिअरच्या गाडीचं लायसन्स वेगळं असतं, ते काढा. विमा संपू देऊ नका. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट चालवणारीलाही हवं आणि मागे बसणारीलाही हवं.

ताईंनी शेवटी सव्वाशे सीसीची साधी मोटारसायकल पसंत केली. पाय टेकतात, आणि तिचा मिस्त्री त्यांच्या रोजच्या वाटेवरच आहे. बैठकीत पुन्हा चर्चा झाली. दोघींनी हात वर केला नाही, त्यांचं म्हणणंही आम्ही नोंदवून घेतलं. बाकीच्यांनी कर्ज मंजूर केलं. ठरावात एक ओळ मात्र सगळ्यांच्या संमतीने घातली, न हात वर करणाऱ्या दोघींच्याही: आरसी बुकावर नाव ताईंचंच राहील. कारण आमच्या महिनाभराच्या विचारपूशीत एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरी सारखी निघाली. हप्ते बाईच्या गटातून फेडले, आणि गाडी नावावर झाली दुसऱ्याच्या.

दिवाळीनंतर, रस्ते कोरडे झाले की, ताई आणि आमच्यातल्या आणखी तिघी दोन गाड्यांवर सेवाग्रामला जाणार आहेत. नागपूर, वर्धा करत जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दर पन्नास किलोमीटरला थांबायचं, अंधार पडायच्या आत मुक्कामाला लागायचं, एवढं ठरलं आहे. सासूबाईंनी अजून हो म्हटलेलं नाही. पण परवा त्यांनी विचारलं म्हणे, "मागं बसाले जागा कशी आहे त्या गाडीवर?"

तुमच्या घरी पहिली दुचाकी कोणती आली आणि ती कोणाच्या नावावर होती, हे आजच विचारा. पुढच्या बैठकीत तेवढंच बोललात, तरी गावचा अर्धा इतिहास निघेल.