सरस, केसिन आणि येलहंकाची विमानं

१९४४ च्या सुरुवातीला बेंगळुरूलगतच्या येलहंका तळावर ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक एका लाकडी विमानावर हात बसवत होते. डी हॅविलँडचं मॉस्किटो. बर्चच्या प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड, आणि सांधे धरायची सगळी भिस्त चिकटवणीवर. सुरुवातीच्या मॉस्किटोत ती चिकटवण केसिनची होती. नासवलेल्या दुधातलं प्रथिन चुन्यात कालवून केलेली. नंतर तिच्या जागी युरिया-फॉर्माल्डिहाइड आलं.

केसिनच्या आधी राज्य होतं सरसाचं. जनावरांची कातडी, स्नायुबंध, हाडं उकळून त्यातलं कोलॅजन पाण्यात उतरवायचं आणि वाळवून ठेवायचं. सुतार रात्री तुकडे भिजत घाली, सकाळी पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं बसवून मंद आचेवर वितळवी. थेट विस्तवावर ठेवलं तर करपणार, फार वेळ उकळलं तर चिकटपणा जाणार. वास सगळ्या कारखान्यात. लावायचं तेही गरम असतानाच, आणि सांधा थंड व्हायच्या आत आवळायचा. ताकदीत मात्र सरस कमी नव्हता. नीट बसलेला सांधा ओढला तर अनेकदा लाकूडच फाटतं. त्याचा शत्रू ओल. केसिन थंडच लावता येई आणि ओलीला त्याच्याहून जरा जास्त टिके, म्हणून विमानवाल्यांनी ते उचललं.

१९४४ च्याच शरदात भारतात मॉस्किटो कोसळू लागली. नोव्हेंबरात ती जमिनीवर उतरवून ठेवावी लागली. बोट गेलं ते केसिनकडे: उष्णतेनं तडकलं, पावसाळ्यात सुटलं. मेजर हेरवर्ड डी हॅविलँड पथक घेऊन भारतात आले. डिसेंबरच्या अहवालात त्यांनी चिकटवणीला दोषमुक्त केलं आणि ठपका हवामानावर ठेवला. पावसाळ्यात सांगाडा आकसला म्हणे. कंपनीच्याच घरातला माणूस चौकशीला, तेव्हा निष्कर्ष सोयीचा निघाला यात नवल काय! पुढच्या चौकशीत इंग्लंडमध्येच, मान्सून न पाहिलेल्या विमानांतही तेच दोष सापडले. हॅटफील्ड आणि लीव्ह्सडनच्या कारखान्यांत चिकटवण्याचं कामच कच्चं होतं. दूध निर्दोष, आपला पाऊसही निर्दोष.

तरी प्राणिज चिकटवणीचे दिवस भरलेच. १९५९ मध्ये मुंबईत फेव्हिकॉल आलं. माझ्या मते सुताराला त्यानं जिंकलं ते मजबुतीनं नव्हे. डबा उघडला की काम सुरू, चूल नको, वास नको. प्लायवूडच्या कारखान्यांत एके काळी कत्तलखान्यातल्या रक्ताचं अल्ब्युमिनही चाले. तेही कृत्रिम रेझिनांपुढे मागे पडलं. याच बेंगळुरूत १९६२ मध्ये प्लायवूड उद्योगासाठी संशोधन संस्था उभी राहिली. गंमत अशी की २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडची गणना कर्करोगकारकांत झाली आणि जगभरचे प्लायवूडवाले पुन्हा प्रथिनांकडे वळून पाहू लागले. या खेपेला सोयाबीनच्या.

वाद्यं करणाऱ्यांनी मात्र सरस पुरता सोडलेला नाही. व्हायोलिन घडवणारे आजही तो वापरतात, मिरजेच्या सतारमेकरांच्या घराण्यांनाही तो परका नाही. त्यांना हवी असते नेमकी त्याची खोड: ऊब आणि ओलावा दिला की सांधा लाकडाला इजा न करता सुटतो, आणि वाद्य आतून दुरुस्त करता येतं.