मालकाच्या वहीतली वंशावळ

वंशावळ कुणाला असते? ज्याच्या बापजाद्यांनी जमिनी घेतल्या, खरेदीखतं केली, त्यांना. ज्याला विकलं त्याचंही नाव कागदात सापडतं, पण मालाच्या यादीत. बैलाच्या शेजारी.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात साउथॅम्प्टन नावाचा खेड्यापाड्यांचा मुलूख आहे. तिकडं त्याला काउंटी म्हणतात; आपला तालुका-जिल्हा समजा. तिथल्या कोर्टात मृत्युपत्रं, दस्त, करांच्या याद्या जपून ठेवत आले. गोऱ्यांच्या पिढ्या त्यातनं सरळ निघतात. काळ्यांच्या कशा निघायच्या?

१८५० आणि १८६० साली सरकारनं शिरगणती केली. गुलामांचा तक्ता वेगळा. नाव मालकाचं. त्याच्याखाली वय, बाई की पुरुष, रंग. पळाला का, आंधळा आहे का, याला रकाने होते. नावाला रकानाच नव्हता. गिरणीत मला बिल्ला नंबर आहे, पण मस्टरवर नंबरापुढं नाव तरी लागतं.

त्याआधी १६६२ साली व्हर्जिनियात कायदा झाला : आई गुलाम तर मूल गुलाम, मग बाप खुद्द मालक का असेना. म्हणून जुन्या कागदात मायचं नाव सापडतं, बापाचं सहसा नाही. यात मायचा मान कसला आलाय? गायीचं वासरू कुणाच्या गोठ्यात बांधायचं, एवढाच तो हिशेब.

२१ ऑगस्ट १८३१ च्या रात्री याच काउंटीत नॅट टर्नर उठला. तो गुलाम होता, वाचता येणारा होता. त्या बंडात सुमारे ५५ गोरे मेले. मग गोऱ्यांनी दिसेल तो काळा मारला. खटल्याशिवाय मारलेल्यांच्या नावांची वही कुणी ठेवली नाही. टर्नरवर मात्र खटला चालला. कोर्टानं फाशी सुनावली आणि त्याची किंमतही लावली : ३७५ डॉलर. फाशी दिलेल्या गुलामाची भरपाई राज्य मालकाला देत असे, म्हणून. ११ नोव्हेंबरला त्याला लटकवलं. माणूस मरतानाही मालकाच्या जमेला!

१८६५ साली गुलामी कायद्यानं संपली. १८७० च्या शिरगणतीत सुटलेल्या लोकांची नावं, आडनावांसकट, पहिल्यांदा लिहिली गेली. आज त्यांची नातवंडं-पतवंडं तिथनं मागं जातात. १८७० ला चाळिसाची बाई म्हणजे १८६० ला तिशीची. तेवढ्या वयाचा आकडा कुठल्या मालकाखाली आहे ते बघायचं. मग त्या मालकाचं मृत्युपत्र, वाटणीची यादी काढायची. तिथं एकेरी नाव असतं, पुढं किंमत, मागंपुढं घोडे नि गायी. ते नाव सापडलं की कुणाची तरी खापरपणजी सापडते.

अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली. म्हणजे आपलं त्यांचं नातं जुनंच आहे.

म्हणून मित्रांनो, सांगतो. आपल्याकडंही जुन्या दप्तरात महारांच्या वतनाच्या नोंदी आहेत, पाटील-कुलकर्ण्यांच्या कारभारात झालेल्या. लिहिणारा आपला नव्हता म्हणून त्या कागदांकडं पाठ फिरवू नका. तिथं राबणारे आपलेच होते. हक्क-कामाच्या हिशेबात एखादं नाव दिसलं तर उतरवून घ्या, पोरांना सांगा. हिशेब त्यांचा असेल, माणसं आपली आहेत.