पाण्याची वाट सांगणारा रंग

काही महिन्यांपूर्वी माझ्या हाताच्या शिरेत नारिंगी रंगाचं एक इंजेक्शन दिलं गेलं. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर कुठे रक्तवाहिनी झिरपते आहे का, ते पाहायचं होतं. दहा-पंधरा सेकंदांत रंग डोळ्यापर्यंत पोचला, निळा प्रकाश लखलखला, फोटो निघाले. ‘लघवी पिवळी होईल, घाबरू नका,’ डॉक्टर म्हणाले. मी रंगाचं नाव विचारून घेतलं. फ्लुओरेसिन!

जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी तो १८७१ मध्ये तयार केला. निळा प्रकाश शोषून तो हिरवट पिवळा प्रकाश बाहेर टाकतो. या गुणाला अनुस्फुरण म्हणतात. त्यामुळे पाण्यात अगदी नाममात्र असला, तरी तो ओळखू येतो.

त्याची एक मोठी कसोटी लागली ती नदीत. दक्षिण जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूबचं पाणी चुनखडीच्या भेगांत जिरतं. वर्षातले कित्येक दिवस पात्र कोरडं पडतं. तिथून सुमारे बारा किलोमीटरवर आख नदीचा मोठा झरा आहे. जिरलेलं पाणी तिथेच निघतं, असा संशय जुनाच होता. डॅन्यूबकाठच्या खालच्या गावांना पाणी हवं होतं आणि आखकाठच्या कारखानदारांना आपलं पाणी तुटेल अशी धास्ती होती.

ऑक्टोबर १८७७ मध्ये भूवैज्ञानिक अडॉल्फ क्नॉप यांनी डॅन्यूबमध्ये दहा किलो फ्लुओरेसिन सोडलं. सुमारे साठ तासांनी आखचा झरा हिरवागार चमकू लागला! काळ्या समुद्राकडे निघालेलं पाणी जमिनीखालून वळून ऱ्हाइनला आणि पुढे उत्तर समुद्राला मिळत होतं.

वाट सापडली, पण भांडण मिटलं नाही. ते न्यायालयात गेलं. पाणी आपोआप जिरतं ते सोसावं, पण मुद्दाम फेरफार करून शेजाऱ्याचं नुकसान करू नये, असा १९२७ च्या निर्णयाचा आशय होता. पाणी कुठे जातं ते रंगाने सांगितलं; त्यावर हक्क कोणाचा, हे माणसांनाच ठरवावं लागलं.

पुढे नोव्हॉटनी आणि अल्विस या अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हाच रंग डोळ्यातल्या रक्ताची वाट शोधायला वापरला. पहिलं इंजेक्शन अल्विस यांनीच घेतलं. १९६१ मध्ये त्यांची पद्धत प्रसिद्ध झाली.

माझ्या डाव्या डोळ्याच्या फोटोत एक लहानसा ठिपका चमकत होता. रंगाने आपलं काम केलं होतं. चहातली साखर सोडायची की नाही, हे मात्र मलाच ठरवायचं होतं.