अक्षरचित्रांची पुष्पिका

केवळ अक्षरे, अंक आणि चिन्हे यांच्या मांडणीतून संगणकाच्या पडद्यावर साकारणाऱ्या अक्षरचित्रांचा बहराचा काळ अमेरिकेतील बुलेटिन बोर्डांशी निगडित आहे. एखाद्या हौशी माणसाने घरातील संगणक टेलिफोनच्या तारेला जोडून ठेवायचा आणि इतरांनी मोडेमने फोन लावून त्यावरील संदेश व फाइली वाचायच्या, अशी ही व्यवस्था होती. त्यांतील पहिला बोर्ड फेब्रुवारी 1978 मध्ये शिकागो येथे वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी सुरू केला. सेकंदाला 2400 बिट वाहून नेणाऱ्या मोडेमवरून जेमतेम 240 अक्षरे येत असल्यामुळे छायाचित्र पाठवणे परवडणारे नव्हते, आणि म्हणून बोर्डाचे प्रवेशद्वार सजवण्याचे काम अक्षरांवरच आले.

या कलेचे साहित्य आयबीएमने 1981 मध्ये बाजारात आणलेल्या पीसीने पुरवले. 80 स्तंभ आणि 25 ओळींच्या त्याच्या पडद्यासाठी 256 चिन्हांचा जो संच ठरवण्यात आला, ज्याला पुढे ‘कोड पेज 437’ हे नाव मिळाले, त्यात रोमन अक्षरांबरोबर रेघा, भरीव ठोकळे आणि ठिपक्यांच्या छटाही होत्या. रंग बदलणाऱ्या आणि कर्सर हलवणाऱ्या सांकेतिक आज्ञांच्या प्रमाणाला, ते ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेवरून, ‘ॲन्सी’ म्हणत, आणि तेच नाव चित्रांनाही चिकटले. 1990 मध्ये ‘ॲसिड’ आणि पाठोपाठ ‘आइस’ असे चित्रकारांचे गट उभे राहिले. टोपणनावांनी वावरणारे हे चित्रकार, ज्यांत शाळकरी मुलांचा मोठा भरणा होता, आपली नवी चित्रे एकत्र बांधून ‘आर्टपॅक’ या नावाने प्रसृत करीत.

या चित्रांच्या जतनाची खरी अडचण फ्लॉपी खराब होण्यापुरती नाही. ॲन्सी फाइलमध्ये चित्र नसतेच. असते ती केवळ अंकांची माळ, आणि तिचा अर्थ लावणारी किल्ली त्या काळच्या यंत्रात असते. 219 हा अंक कोड पेज 437 मध्ये भरीव ठोकळा दाखवतो, तर पाश्चात्त्य भाषांसाठीच्या विंडोज संचात तोच अंक टोपी घातलेला ‘यू’ होऊन बसतो, आणि भिंतीच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग दिसते. युनिकोडपूर्व श्रीलिपी फॉन्टात टंकलेला लेख तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडून पाहिलेल्या मराठी वाचकाला हा अनुभव परका नाही. त्यातही अक्षराची रुंदी 8 बिंदूंची धरायची की 9, हे चुकले तर जुळणाऱ्या रेघांत फट पडते. आणि एकच बिट कधी अक्षर लुकलुकण्यासाठी, तर कधी उजळ पार्श्वभूमीसाठी वापरला जात असल्याने, त्याचा अर्थ ठाऊक नसलेला प्रोग्रॅम शांत आकाशाला लुकलुकायला लावतो.

चित्रकारांनी स्वतःच 1994 मध्ये यावर उपाय काढला, आणि या इतिहासातील सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट तीच म्हणावी लागेल. ॲसिड गटातील ओलिव्हिए रूबेन्स यांनी आखलेल्या ‘सॉस’ या पद्धतीत फाइलच्या शेवटी 128 बाइटांची नोंद जोडली जाते. तिच्यात शीर्षकासाठी 35, चित्रकारासाठी 20 आणि गटासाठी 20 अक्षरांची जागा असून तारीख आणि चित्राची रुंदीही असते. पुढे फॉन्टचे नावही त्यात आले. ही नोंद फाइल संपल्याची खूण असलेल्या 26 या अंकानंतर ठेवलेली असल्यामुळे डॉस या त्या काळच्या कार्यप्रणालीच्या ‘टाइप’ या आज्ञेने फाइल पाहणाऱ्याच्या दृष्टीस ती पडत नसे. हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिकाचे नाव आणि लेखनकाल सांगणारी जी पुष्पिका येते, तिचेच हे काम होय. फरक इतकाच, की ही पुष्पिका पोथी कशी वाचावी हेही सांगते.

बुलेटिन बोर्ड मावळल्यावर संग्रहाचे काम जेसन स्कॉट यांच्या 1998 मधील टेक्स्टफाइल्स आणि पुढे सिक्स्टीन कलर्स या संग्रहांनी मनापासून केले. तेथे आर्टपॅक मूळ झिप रूपात राहतात. अशा चित्रांच्या प्रतिमा काढून ठेवणे पाहणाऱ्याला सोयीचे असते, पण प्रतिमेत ओळीमागून ओळ उमटत जाण्याची मोडेमची गती उरत नाही आणि चित्रकाराने कोणत्या चिन्हाने छटा साधली हेही हरवते. प्रतिमा म्हणजे ताम्रपटाचा ठसा, ताम्रपट नव्हे. युनिकोडने कोड पेज 437 ची चिन्हे सामावून घेतली आणि 2020 मधील 13.0 या आवृत्तीत इतर जुन्या संगणकांच्या ठोकळा-चिन्हांसाठी वेगळा विभाग दिला, तरी त्यानेही मूळ फाइलची गरज संपत नाही. म्हणून ज्यांच्या कपाटात त्या काळच्या फ्लॉपी असतील, मग त्यांत अक्षरचित्रे असोत की जुन्या फॉन्टातील मराठी मजकूर, त्यांनी त्या फाइली संपादकात उघडून नव्याने साठवू नयेत. एकही बाइट न बदलता त्यांची प्रत काढावी आणि सोबत यंत्राचे, प्रोग्रॅमचे व फॉन्टचे नाव लिहून ठेवावे.