तारीफ-इ-हुसेनशाही : वीर व पुसलेली राणी

फ्रेंच वीरकाव्याचा नायक रोलां इ. स. ७७८ मध्यें पडला. सुमारें ३०० वर्षांनीं काव्यानें त्यास महावीर केलें. अहमदनगरास याच्या उलट घडलें. हुसेन निजामशहा व त्याचा १५६५ चा तालिकोट-विजय यांवर आफताबीनें फारसी स्तुतिकाव्य रचिलें. त्याचें सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत आहे. काव्यांत राणी खुंजा हुमायून हिचीही स्तुति आहे; चित्रांतून मात्र तिची आकृति बहुतेक ठिकाणीं पुसलेली दिसते. १५६९ त पुत्र मुर्तजानें तिला कैद केलें, त्यानंतरचें हें कृत्य असावें. एका चित्रांत मात्र स्त्री शिल्लक असून तिच्या स्पर्शानें वृक्ष फुलतो. हा आपल्या संस्कृत कवींचा दोहद-संकेतच होय. सबब, पोथी तपासतांना अक्षरांबरोबर पुसलेली जागाही वाचावी.