काजळीतला पतंग

उत्क्रांती म्हणजे निव्वळ योगायोग, असं कुणी म्हणालं की मी विद्यार्थ्यांना मँचेस्टरला नेते, नकाशावर का होईना. गिरण्यांच्या धुरानं तिथलं दगडफूल मेलं, खोडं काळवंडली. त्यांवर बसलेला पांढुरका, ठिपकेदार पतंग पक्ष्यांना सहज दिसू लागला. १८४८ मध्ये काळा पतंग सापडल्याची नोंद आहे. १८९५ पर्यंत शंभरातले सुमारे ९८ काळे!

काळा रंग आला तो एका जनुकात डीएनएचा तुकडा अपघातानं घुसल्यामुळे. तेवढा योगायोग खराच. पण जगायचं कुणी, हे पक्ष्यांच्या नजरेनं ठरवलं. १९५६ च्या ब्रिटनमधल्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर धूर ओसरला आणि काळेच टिपले जाऊ लागले. जीवशास्त्रज्ञ मायकेल मेजरस यांनी केंब्रिजमधल्या बागेत सहा वर्षं हजारो पतंग सोडून हे पडताळलं. त्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे.