कातकरी आणि विद्यापीठाचें ग्रंथालय

मुंबई-गोवा रस्त्यानें नागोठणें ओलांडून कोलाडकडे निघालें कीं रोहे तालुक्यांतील खांब हें गांव लागतें. या बाजूच्या डोंगरकडेच्या वाड्यांतून कातकरी राहतात. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यांत उकळून, तो रस आटवून कात पाडणें हा त्यांचा पिढीजात धंदा. जमातीचें नांवही त्यावरूनच पडलें. १८७८ सालीं जंगलाचा कायदा झाला, राखीव रानांतील खैर त्यांच्या हातून गेला, आणि कात पाडणारे हात कोळशाच्या व पुढें विटांच्या भट्ट्यांवर मजुरीस लागले.

योगायोग असा कीं, त्याच १८७८ सालीं मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयावरील राजाबाई मनोरा पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनीं ग्रंथालयासाठीं २ लक्ष व मातोश्रींच्या नांवें मनोऱ्यासाठीं आणखी २ लक्ष रुपये दिले होते. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातींचे पाषाणी पुतळे बसविले. लोक उंचावर दगडांत उभे राहिले. विद्येच्या दालनांत मात्र ते विषय म्हणूनच शिरले. ए. एन. वेलिंग यांचें कातकऱ्यांवरील पुस्तक १९३४ सालीं निघालें, ल. ना. चापेकरांचें सह्याद्रींतील ठाकरांवरील १९६० सालीं. दोन्ही श्रमपूर्वक लिहिलेलीं, आणि दोन्ही इंग्रजींत!

१९६२ सालीं महाराष्ट्र शासनानें पुण्यास आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था काढली. ग्रंथालय आणि वस्तुसंग्रहालय तेथें शेजारीं आलीं, हें लहान काम नव्हे. तरी काचेआडचा मुखवटा बोहाड्यांत नाचत नाहीं. याहून निराळी वाट बडोद्याच्या विद्यापीठांत इंग्रजी शिकविणाऱ्या गणेश देवींनीं धरली. १९९६ सालीं त्यांनीं ‘भाषा’ ही संस्था स्थापिली आणि पुढें तेजगढ येथें आदिवासी अकादमी उभी केली. तेथील संग्रहालयाचें नांवच ‘वाचा’. आदिवासींनीं आपल्याविषयीं आपल्या तोंडानें बोलावें, ही त्यामागील कल्पना.

विद्यापीठाच्या ग्रंथालयांत अशी जागा करावयाची, तर कपाटें थोडीं आणि बसावयास जागा पुष्कळ हवी. सांगणाऱ्याचें नांव ग्रंथकर्त्याच्या रकान्यांत लिहावें, आणि त्याला व्याख्यात्याइतकेंच मानधन द्यावें. पहिला पाठ शेवळ्याचा ठेवण्यास हरकत नाहीं. पहिल्या पावसांत उगवणारी ही रानभाजी घशाला खाजते. म्हणून कातकरीण बाजारांत शेवळ्याच्या जुडीबरोबर काकडाचीं आंबट फळें ठेवते, आणि गिऱ्हाइकानें विचारलें तर किती घालावींत तेंही सांगते.